कापलेल्या कडा

रविवर्मा प्रेसच्या जुन्या चित्रांखाली एक पांढरी कड सोडलेली असते. तिच्यात बारीक अक्षरांत चित्राचं नाव, छापखान्याचं नाव आणि पुष्कळदा गावही छापलेलं सापडतं. गाव मुंबई असेल तर चित्र आधीच्या काळातलं, कार्ला-लोणावळा असेल तर नंतरचं. कारण हा छापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला आणि प्लेगच्या धामधुमीनंतर, १८९९च्या सुमाराला, लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला. पुढे राजा रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला आणि त्यानंतरही तिथं चित्रं छापली जात राहिली. हाती आलेलं चित्र यातल्या कोणत्या पर्वातलं, हे सांगणारा पहिला पुरावा म्हणजे ती कड. झोपाळ्यावर बसलेल्या मोहिनीचं माझ्याकडे असलेलं चित्र कोणत्या पर्वातलं, हे मला सांगता येत नाही. तिची कड मी कापून घेतली.

फ्रेमच्या दुकानात एक जुनी सागवानी चौकट आयती मिळत होती. कोरीव काम सुरेख, पण उंचीला चित्रापेक्षा थोडी कमी. फ्रेमवाल्यानं रीतसर विचारलं, "साहेब, खालची पट्टी कापायची का? नाहीतर नवी चौकट करावी लागेल." मी लगेच होकार दिला. त्या पट्टीवर पाण्याचा तपकिरी ओघळ होता, अक्षरं इंग्रजी होती, आणि भिंतीवर लावायला मला मोहिनी हवी होती, मजकूर नको होता. पट्टी त्याच्या टेबलाखाली पडली. त्याला दोष देण्यासारखं काही नाही. त्यानं विचारलं होतं.

पुढची बरीच वर्षं मी जे जे बिघडवलं, त्या सगळ्याचं मूळ या एका होकारात होतं. मला वस्तूतलं फक्त देखणं तेवढं हवं होतं. काठ, पाठ, डाग, चिकटवलेल्या चिंध्या, सोबतचे जोडीदार हे सगळं मला देखण्यावर चढलेलं किटण वाटायचं. ते काढून टाकणं म्हणजेच वस्तूची काळजी घेणं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

नव्या फ्लॅटच्या भिंती कोऱ्या होत्या, तेव्हा हा नाद लागला. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं गंजलेली कुलुपं, घड्याळांची यंत्रं आणि पितळी तोट्या यांच्या ढिगात एखादी चुन्याची डबी, एखादा कुंकवाचा करंडा सापडतो. मुंबईला काम निघालं की चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटला चक्कर व्हायची. घरी आणलेली वस्तू त्याच संध्याकाळी भिंतीवर चढली पाहिजे, अशी घाई असायची. ती आधी चार दिवस नुसती बघावी, उलटी करून बघावी, हे कधी सुचलंच नाही.

सगळ्यांत मोठी चूक मात्र बाजारातल्या वस्तूची नाही, घरातल्या वस्तूची आहे. आत्याच्या सासरचा वाईचा वाडा पाडायला काढला, तेव्हा मी मदतीला गेलो होतो. माजघरात खुंटीवर लक्ष्मीचं चित्र होतं. कमळावर उभी, चार हात, मागे हत्ती, ते सर्वांच्या ओळखीचं. काच धुरानं पिवळी पडलेली. आत्या म्हणाली, "तुला आवड आहे ना रे, घेऊन जा. तुझ्याकडं नीट राहील."

घरी आणून काच काढली तर आत चित्राच्या लुगड्यावर खरं कापड चिकटवलेलं. पदराला जरीची पट्टी, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि बारीक मणी, मुकुटाखाली कापसाची थोडी भर घालून उठाव आणलेला. खळीचे पिवळे ठिपके बाहेर आलेले. मला ते ओबडधोबड वाटलं. एवढ्या सुंदर छपाईवर कोणीतरी हौशीनं चिंध्या लावून ठेवल्या आहेत, असं मनात आलं. ओल्या कापसानं खळ भिजवून मी एकेक टिकली आणि जरीची पट्टी सुईच्या टोकानं सोडवत गेलो. रात्री उशिरापर्यंत ते काम मी फार जपून केलं. खालचं लुगडं दिसायला लागलं तेव्हा आनंद झाला. रंग खाली जसाच्या तसा ताजा होता, कारण कापडानं इतकी वर्षं त्याच्यावर उजेड पडू दिला नव्हता. बाकीचं चित्र फिकं आणि लुगडं तेवढं भडक, असं ते विचित्र दिसू लागलं. जर आणि टिकल्या मी कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकल्या.

दिवाळीत आत्या आली. चित्रासमोर उभी राहिली, पदर खोचून हात जोडले आणि मग जवळ जाऊन बघत राहिली. "सासूबाईंची जर कुठं गेली रे?"

मी काढून टाकल्याचं सांगितलं. ती रागावली नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सासूबाई तांदळाच्या खळीनं एकेक टिकली लावत बसायच्या आणि सुनांना हात लावू द्यायच्या नाहीत, असं तिनं सांगितलं. पदराची ती पट्टी आत्याच्या स्वतःच्या लग्नातल्या शालूची होती. शालू विरला तेव्हा त्याची चांगली राहिलेली जर सासूबाईंनी देवीला दिली होती.

नंतर वाचनातून आणि संग्रहालयांतून कळत गेलं की छापील देवीला अशी वस्त्रं नेसवायची रीत घरोघर होती, दक्षिणेत तर होतीच होती. ती का होती हेही समजलं. रविवर्म्यांची तैलचित्रं राजवाड्यांत होती. त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचवलं होतं की चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढून घ्याव्यात. ते तसं न होता पुढे छापखानाच इकडे उभा राहिला, आणि जी लक्ष्मी एरवी दिवाणखान्याबाहेर पडली नसती ती माजघरात आली. हजारो घरांत एकसारखी. मग प्रत्येक घरातल्या बाईनं तिला आपल्या हातानं नेसवून आपल्या घरची केली. रविवर्मा प्रेसची लक्ष्मी आजही पैसे टाकले की मिळते. वाईच्या त्या माजघरातली लक्ष्मी एकच होती, आणि तिच्यात जे एकमेव होतं तेवढंच मी नेमकं सोलून काढलं. याची भरपाई मला सापडलेली नाही. नवी जर आणून लावू का, असं आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "राहू दे. आता ते तुझं चित्र झालं."

त्या मानानं रामपंचायतनाची गोष्ट निव्वळ अज्ञानाची आहे, पण ती सविस्तर सांगतो, कारण आपल्या हवेत ही चूक घरोघर चालू आहे. पुण्याच्या चित्रशाळेची शिळाछाप चित्रं एके काळी महाराष्ट्रभर गेली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं १८७८ साली निघालेला आणि पुढे वासुकाका जोश्यांनी चालवलेला हा छापखाना. देवादिकांबरोबर नाना फडणवीसांसारख्या मराठी इतिहासातल्या माणसांची चित्रंही त्यांनी छापली. देवांच्या शेजारी आपल्या इतिहासातली माणसं भिंतीवर आणून बसवणं हे त्या काळात साधं काम नव्हतं. मला चित्रशाळेचं रामपंचायतन मिळालं तेव्हा फार आनंद झाला. ते मी नेहमीच्या पद्धतीनं फ्रेम करून घेतलं. पुढे काच, काचेला टेकलेलं चित्र, मागे हार्डबोर्ड, चुका ठोकून वर खाकी कागद. आणि टांगलं न्हाणीघराला लागून असलेल्या बाहेरच्या भिंतीवर, कारण जिन्यातून येणाऱ्याला ते समोर दिसायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात सीतेच्या चेहऱ्यावर ओलसर पट्टा दिसू लागला. काच आणि कागद यांच्यामध्ये हवा नसली की भिंतीची ओल आणि दिवस-रात्रीच्या उष्णतेतला फरक यांनी काचेच्या आतल्या बाजूला दव धरतं. कागदावरची खळ आणि रंगाचा थर त्यानं मऊ होतो आणि काचेला धरून बसतो. बुरशीला एवढं पुरतं. मी काय करायला हवं होतं? काही नाही. चौकट आडवी, काचेची बाजू वर करून कोरड्या खोलीत ठेवायची आणि जाणत्या माणसाला गाठायचं. मी काच उचलली. सीतेचा चेहरा आणि लक्ष्मणाचा खांदा काचेबरोबर वर आला. कागदावर पांढरा खड्डा राहिला आणि काचेवर उलटा चेहरा.

ती काच मी अजून ठेवली आहे. कोणी चित्र फ्रेम करायला निघालं की दाखवतो.

उपाय किती साधा आहे बघा. चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी घालायची. फ्रेमवाले तिला माउंट म्हणतात. काही मिलिमीटरची ती पोकळी चित्राचा जीव वाचवते. मी मात्र माउंटला कायम नाही म्हणत आलो होतो, कारण त्यानं चौकट मोठी होते आणि पैसे वाढतात. पुढे माउंट घालू लागलो तर साधा पुठ्ठा घातला. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त पुठ्ठ्यात आम्ल तयार होत राहतं. काही वर्षांनी खिडकीच्या कापलेल्या धारेवर तपकिरी रेघ येते आणि तीच रेघ चित्रावरही उमटते. हार्डबोर्डचं तसंच, तो मागून कागद करपवतो. आम्लरहित माउंटबोर्ड चित्रकलेच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत मिळतो. महाग पडतो, पण पाठीमागे आणि पुढे दोन्हीकडे तोच हवा. पुढे तो आणि मागे हार्डबोर्ड, असं अर्धवटही मी करून पाहिलं आहे. चित्र मागून पिवळं पडलं.

चिकटवण्याबद्दल तर मी बोलूच नये, इतकं चिकटवलं आहे. सेलोटेप लावली, तिचा डिंक कागदात मुरून मेणकट पिवळे चौकोन झाले. सुताराच्या पांढऱ्या गोंदानं अख्खं चित्र पुठ्ठ्यावर बसवलं. ते आता पुठ्ठ्याशिवाय निघत नाही. बाइंडरकडची खळ वापरली, तर तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद होतं. तांब्याचा अंश कागदाला कमजोर करतो, हे मला पुढे कळलं. एक जुना नकाशा लॅमिनेट करून घेतला, आणि त्या दिवशी तर मी स्वतःवर खूश होतो. लॅमिनेट केलेला कागद परत मिळत नाही. आता नियम एकच पाळतो. जे उद्या पाण्यानं सुटणार नाही ते आज लावायचं नाही. चित्राच्या वरच्या काठाला मागून पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, त्याही गव्हाच्या शुद्ध स्टार्चच्या खळीनं लावलेल्या, एवढ्यावर चित्र लोंबतं राहतं. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. चारी बाजूंनी चिकटवलेला असला तर मग त्याला सुरकुत्या पडतात, नाहीतर तो फाटतो.

उजेडाचं मी कधी मनावर घेतलं नव्हतं. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेल्या एका जुन्या कॅलेंडरच्या चित्रातले तांबडे-पिवळे रंग उडून सगळं निळसर झालं. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, म्हणजे डोळ्यांना आधी अंधार वाटावा इतका. घरात तेवढं कोणी करणार नाही, मीही करत नाही. पण ऊन थेट पडेल अशी भिंत टाळणं आणि काही महिन्यांनी चित्रं आलटून पालटून विसाव्याला काढणं कोणालाही जमतं. उडालेला रंग विसाव्यानं परत येत नाही. पुढचा उडायचा थांबतो, इतकंच.

फसवलो गेलो त्याचंही सांगायला हवं. जुन्या बाजारातच मी एक 'दमयंती' चांगल्या किमतीला घेतली. कागद तपकिरी, काठ कुरतडलेले. विकणाऱ्यानं ती शंभर वर्षांची आहे असं सांगितलं आणि मी मान डोलावली. घरी भिंगाखाली धरल्यावर रंगाऐवजी ठिपके दिसले, एकाच मापाच्या जाळीत ओळीनं मांडलेले. ही ऑफसेटची छपाई. दगडावरच्या छपाईत एकेका रंगासाठी वेगळा दगड आणि त्याच्यावर कारागिरानं तेलकट खडूनं किंवा शाईनं हातानं दिलेले ठिपके. ते लहानमोठे, कुठं दाट कुठं विरळ, एकावर एक चढलेले असतात. चेहऱ्यावर ते बघताना त्या माणसाचा हात चाललेला दिसतो. रविवर्मा प्रेसच्या मळवलीच्या छापखान्याला १९७२ साली आग लागली आणि त्यात फार मोठा ठेवा गेला, म्हणून जे कागद उरले आहेत त्यांचं मोल अधिकच. दहापट मोठं दाखवणारं भिंग ही या छंदातली पहिली खरेदी असावी. मी ते शेवटी घेतलं.

इंग्रजी छापील चित्रांच्या बाबतीत माझी चूक वेगळ्या जातीची आहे, आणि तिच्याबद्दल मला जास्त वाईट वाटतं. रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याचा पश्चिम भारतातल्या देखाव्यांचा मोठा चित्रग्रंथ १८२६ ते १८३० या काळात लंडनला निघाला. त्याची सुटी पानं बाजारात येतात. मी असल्या जुन्या ग्रंथांची सुटी पानं घेत गेलो. डाव्या काठाला शिवणीची भोकं दिसायची, तीही मी माउंटखाली झाकून टाकायचो. सुटी पानं येतात कुठून, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. पुस्तक अखंड विकण्यापेक्षा पानं फाडून विकण्यात पैसा जास्त मिळतो, आणि तो माझ्यासारखे लोक देतात म्हणून मिळतो. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'च्या पानांचं आणखी एक. त्या साप्ताहिकातली जुनी लाकडी ठशांची चित्रं छापली गेली काळ्या शाईत. अलीकडे कोणीतरी जलरंगानं रंगवलेली पानं मी जुने रंग समजून जास्त पैसे देऊन घेतली होती. आता अंगावर शिवणीची भोकं असलेलं पान मी घेत नाही. ते आधीच फाटलेलं आहे, आपण न घेतल्यानं काय होणार, असं दुकानदार म्हणतो. घेतल्यानं पुढचं पुस्तक फाटतं.

पुस्तकं मी पैशानं फाडली, गंजिफा स्वतःच्या हातानं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेच्या पूर्ण डावात १२० गोल पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत. मला लाखेचा हात दिलेल्या जुन्या पानांचा एक पेटारा मिळाला होता. डाव अपुरा होता, पण बराचसा होता. मी त्यातले राजे आणि प्रधान निवडले, मखमलीवर वर्तुळात चिकटवून चौकट केली, आणि साधी अंकांची पानं मित्रांना भेट म्हणून वाटून टाकली. मत्स्याचे सहा मासे एकाकडे, कूर्माची चार कासवं दुसऱ्याकडे. पुढे कधीतरी बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभा होतो. एकेकटा अडकित्ता ही गमतीची वस्तू. पण तिथं शेजारी शेजारी ठेवलेले इतके आकार बघताना कळतं की पान खाणं हा केवढा मोठा व्यवहार होता आणि लोहाराची, ओताऱ्याची कल्पकता कुठवर गेली होती. दिनकर केळकरांनी दिवंगत मुलाच्या नावानं हे उभं केलं ते वस्तू एकत्र आणून. मी एकत्र असलेलं पांगवलं. काही पानं मागून परत आणली. काही मित्रांच्या घरबदलीत गेली.

धातूच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. बिदरी कामाची एक डबी मी पितळ चकचकीत करायच्या पॉलिशनं घासली. बिदरी म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी, आणि बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या लेपानं जस्ताला आलेला काळा रंग. मी घासला तो मळ नव्हता, तोच रंग होता. करडी झालेली डबी बिदरचा कारागीर पुन्हा काळी करून देतो, पण मग ते काम आजचं होतं. शिवराई नाण्यांना लिंबू आणि मीठ लावून मी तांबं उघडं केलं. 'श्री राजा शिव' ही अक्षरं आधीच झिजलेली, ती आणखी झिजली. जाणकार संग्राहक असली धुतलेली नाणी हातात घेऊन लगेच परत देतात. कोरडा मऊ कुंचला फिरवावा, धातूच्या वस्तूला त्यापलीकडे घरच्या घरी काही करू नये, या मताला मी आलो आहे.

टाकांचं वेगळं आहे. सराफाकडे मोडीत आलेला चांदीचा खंडोबाचा टाक मी वितळण्यापासून वाचवला, याचा मला अभिमान होता. काळ्या मखमलीवर बसवून तो बैठकीत लावला, खाली चपलांचं कपाट. गावाकडच्या एक वयस्कर बाई घरी आल्या, त्यांनी तो पाहिला आणि दारातच पायातल्या चपला उचलून बाहेर नेऊन ठेवल्या. त्या काही बोलल्या नाहीत. टाकावरचे नाक-डोळे पुसट झालेले होते ते कोणाच्या तरी रोजच्या स्नान-पूजेनं. एका घरानं पिढ्यान् पिढ्या देव म्हणून हाताळलेली वस्तू मी शोभेची केली होती. तो टाक आता आमच्या देवघरात आहे. देवघरातल्या वस्तू चौकटीत घालाव्यात की नाही यावर लोकांची मतं वेगळी असतील. माझं मत आता बदलणार नाही.

एक सूचना कायद्याची, कारण मराठी घरं आता जगभर पसरलेली आहेत. अमेरिकेतल्या चुलतभावाच्या मुलाच्या लग्नात मी एक जुना पितळी दिवा भावाबरोबर आहेर म्हणून पाठवायला निघालो होतो. आपल्याकडच्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. वस्तू तेवढी जुनी नाही असं वाटत असेल तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. मूर्ती, चित्रं अशा काही पुरावस्तूंची नोंदणीही करावी लागते. वेळेवर एका स्नेह्यानं सांगितलं म्हणून माझा भाऊ विमानतळावर अडकला नाही.

वाई, सातारा, नाशिक, पुणे इथले वाडे भराभर उतरवले जात आहेत. माजघरातली, जिन्याखालची, माळ्यावरची चित्रं या काही वर्षांत एकतर भंगारवाल्याकडे जातील, नाहीतर माझ्यासारख्या हौशी माणसाकडे. दोन्हीकडे धोका आहे. तुमच्या घरात असं काही निघालं तर कृपा करून त्याला लगेच फ्रेमवाल्याकडे नेऊ नका. आहे त्या चौकटीसकट पुढून-मागून फोटो काढा. मागे दुकानाची चिठ्ठी, किंमत, कोणाचं नाव आहे का बघा. चित्र काचेला धरलं असेल, बुरशी आली असेल, तर काच उचलू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाकृतींच्या जतनाचं स्वतंत्र केंद्र आहे, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचीही अशी केंद्रं आहेत, तिथं विचारा. नवी चौकट करायचीच असेल तर ती चित्राच्या मापाची करा, आम्लरहित माउंट घाला, आतल्या कोरड्या भिंतीवर लावा, आणि मागे बुचाचे चार तुकडे बसवा म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यामधून हवा खेळेल.

आणि हे सगळं करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्या चित्रासमोर बसवा. कोणी आणलं, कुठं लावलं होतं, टिकल्या कोणी लावल्या, काळा डाग कशाचा, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. ते टिपण नव्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर लिहा, चित्राच्या कागदावर नको. लिहायला मऊ पेन्सिल घ्या. पेनाची शाई ओलीनं पसरते आणि पुढे उतरते.